वस्त्रांचे वाचन

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण आपल्याकडे कौतुकाने वापरली जाते. तिच्यातला हिशेब मात्र निर्दय आहे: माणसाच्या वाट्याला एक अंश, कापडाच्या वाट्याला दहा! रोलां बार्थ यांनी १९६७ साली फॅशनचा चिन्हव्यवस्था म्हणून अभ्यास मांडला. लोकव्यवहाराला ते मर्म आधीच ठाऊक होते. वस्त्र ही भाषा असेल, तर तिचे विपरीत वाचनही संभवते. आणि त्याची किंमत वाचणारा नव्हे, नेसणारा मोजतो. आम्हां साहित्य शिकविणाऱ्यांना हा विषय जवळचा वाटतो तो यामुळेच.

आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्यावे. मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरात फलक लागले. हाफ पँट, बर्म्युडा घालणाऱ्यांना आणि असभ्य, अशोभनीय वस्त्रे ल्यालेल्यांना प्रवेश नाही, असा त्यांचा आशय होता. टीका होताच निर्णय मागे घेण्यात आला. बातमी विरली, तरी त्या फलकाचे व्याकरण विचार करण्याजोगे आहे. 'हाफ पँट' हे नाम आहे. त्याचा अर्थ कोणताही शिंपी सांगेल. 'असभ्य' हे विशेषण आहे. त्याचा अर्थ दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात असतो. नामावर नियम करता येतो. विशेषणावर केलेला नियम म्हणजे वाचकाच्या हाती दिलेली काठी होय.

त्याच तुळजापुरात कवड्यांची माळ गळ्यात घालून, हाती परडी घेऊन आराधी स्त्रिया जोगवा मागतात. देवीच्या दारी या वेषापुढे लोक हात जोडतात. तीच माळ, तीच परडी परगावच्या एसटी स्थानकावर दिसली, की तिचा अर्थ 'भीक' असा लावला जातो. चिन्ह तेच असते, संदर्भ तेवढा हरवलेला असतो.

वस्त्रांचे हे राजकारण डॉ. आंबेडकरांनी अचूक ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी अस्पृश्य स्त्रियांना आवाहन केले, की जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने टाकून द्या. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटेल. पण ज्यांच्या देहावर दुसऱ्यांनी मजकूर लिहून ठेवला होता, त्यांनी तो पुसावा, असे ते सांगणे होते. त्याआधी, १९२१ साली, गांधीजींनी मदुराईत अंगावरची वस्त्रे कमी करून पंचा स्वीकारला होता. त्यागाचा तो संदेश थोर खरा. परंतु उघडेपणा ज्याच्यावर लादलेला असतो, त्याला तो संदेश देता येत नाही. त्याच्या मुक्तीची खूण कोट हीच असू शकते.

आमच्या वर्गात भूम-परंड्याकडून, कळंब-वाशीकडून मुले येतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट दिसला, की 'पुढारी' म्हणून हशा होतो. तो मुलगाही हसतो आणि विषय संपतो. बुरख्यातल्या एका विद्यार्थिनीचे तसे झाले नाही. व्याख्यानाला आलेल्या एका पाहुण्यांनी तिला मराठी विभागाच्या दारात पाहिले आणि उर्दूचा वर्ग पलीकडे असेल, असे आपुलकीने सांगितले. "मी मराठीच करते, सर. एम. ए. दुसरं वर्ष," ती म्हणाली. स्वरात राग नव्हता. हे वाक्य तिने पूर्वीही अनेकदा उच्चारले असावे, इतके ते सफाईदार होते. ती सफाई आम्हांला बोचली. स्वतःच्याच भाषेत शिकताना दरवेळी प्रवेशपत्र दाखवावे लागावे, तसे ते होते.

वस्त्रे वाचणे टाळता येत नाही. डोळे मिटून कोणी भेटत नाही. परंतु कवितेच्या पहिल्या ओळीवरून निकाल देणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही 'पुढे वाच' म्हणून थांबवतो. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत पुढे वाचणे म्हणजे आधी त्याला बोलू देणे.