पलंगाचे सूर्यनमस्कार

डाग पडायला मुहूर्त लागत नाही. काढायला मात्र लागतो. तो मुहूर्त म्हणजे डाग पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे. बहुतेक घरांत ही पाच मिनिटे "कुणी सांडलं?" या चौकशीत जातात. आरोपी सापडतो, त्याला शिक्षाही होते, आणि तोवर चहा कापडातून उतरून आतल्या फोमपर्यंत सुखरूप पोचलेला असतो.

पूर्वी हा प्रश्न इतका बिकट नव्हता. औंधातल्या आमच्या जुन्या घरी लाकडी पलंग आणि त्यावर कापसाची गादी. गादीवर काही सांडले तर खोळ उसवून धुवावी, कापूस उन्हात पसरावा, पिंजारी दारावर आला की पिंजून घ्यावा आणि पुन्हा भरावा. पलंगाचे लाकूड ओल्या फडक्याने पुसले की काम संपले. पण मामंजींनी नव्वदी गाठली, अंधारात पलंगाच्या कडा त्यांच्या नडग्यांना लागू लागल्या, तेव्हा आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून एक नवा पलंग पाठवला. उशाकडचा फळा, कडा, सगळे करड्या कापडाने मढवलेले आणि आतून मऊ. मामंजींनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "सूनबाई, याला तर अंगरखाच शिवलाय. पण हा धोब्याकडे कसा टाकणार?"

प्रश्न अगदी नेमका होता. कापड चौकटीला कायमचे ठोकलेले. ते निघत नाही. म्हणजे डाग धुऊन काढायचा नाही, तर जागच्या जागी ओढून काढायचा. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, बरे का!

पहिली गोष्ट, पलंगाच्या खालच्या अंगाला शिवलेली पट्टी शोधावी. तिच्यावर इंग्रजी अक्षर असते. 'डब्ल्यू' असेल तर पाणी चालते, 'एस' असेल तर पाणी वर्ज्य, दोन्ही असतील तर दोन्ही चालते, आणि 'एक्स' असेल तर नुसती धूळ झटकावी आणि हात जोडावेत. दुसरी गोष्ट, कुठलाही उपाय आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावा. आमच्या गावच्या टेकडीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रे पाहायला लोक दुरून येतात. अशी जुनी चित्रे साफ करणारे जाणकारही आधी कडेचा कोपरा तपासतात, मग मधल्या भागाला हात लावतात. चित्राला जी सबुरी, ती पलंगाला का नसावी?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: घासू नये. पांढरे सुती फडके दाबून टिपावे, आणि तेही कडेकडून मध्याकडे. उलट केले तर रुपयाएवढा डाग ताटलीएवढा होतो. पाणी बेताचेच, कारण आत मुरलेले पाणी वाळत नाही आणि मग बुरशी धरते.

बाकी प्रत्येक डागाचा स्वभाव निराळा. चकलीच्या तेलकट हाताचा ठसा उमटला, तर त्यावर आधी पाणी घालू नये. मक्याचे पीठ किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी, तेल शोषू द्यावे, मग ब्रशने झटकावी. रक्ताच्या डागाला गार पाणीच हवे. गरम पाण्याने रक्तातले प्रथिन घट्ट होऊन धाग्याला चिकटते. आणि हळद! आमच्या शेजारच्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले; पलंगावर पडलेली हळद तो मान सहजासहजी सोडत नाही. साबण लागताच ती लाल होते, पण घाबरू नये. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते, त्यातलाच हा प्रकार. साबणाचा अंश ओल्या फडक्याने टिपून घ्यावा आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोपवावा. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही.

हे सारे मी हसत हसत शिकले. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी वेगळाच प्रसंग आला.

मामंजींचे एक ऑपरेशन झाले होते. घरी आल्यावर आठवडाभराने पाहते, तर ते सतरंजी टाकून जमिनीवर झोपलेले. "पाठीला बरं वाटतं," म्हणाले. दुसऱ्या रात्रीही तेच. सकाळी ते अंघोळीला गेल्यावर मी पलंगावरची चादर उचलली. खाली वर्तमानपत्रांच्या चार घड्या, आणि त्यांच्याखाली गादीपासून कडेच्या कापडापर्यंत उतरलेला पिवळट डाग. ज्या माणसाने तीस वर्षे शाळेत पोरांची नखे आणि कॉलर तपासल्या, तो माणूस नव्वदाव्या वर्षी कागदाच्या घड्या घालून डाग झाकत होता.

मी काही विचारले नाही. घड्या होत्या तशा ठेवल्या आणि कामाला लागले.

हा डाग ताजा असेल तर टिपून, गार पाण्याने, मग एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यांनी निघतो. वर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झटकावा. पण दोन दिवसांचा डाग हट्टी असतो. लघवीतल्या युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात नीट विरघळत नाहीत; वरून स्वच्छ दिसते आणि दमट दिवशी वास पुन्हा येतो. त्याला एन्झाइम असलेले द्रव लागते. मात्र घाईघाईने ब्लीचिंगचे पाणी ओतू नये. लघवीतल्या अमोनियाशी किंवा व्हिनेगरशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू निघतो.

ते द्रव साताऱ्याला मिळाले, पाळीव प्राण्यांच्या दुकानात. बाटलीवर एक गोंडस कुत्रे जीभ काढून बसले होते. मी घरी आल्याबरोबर त्या कुत्र्यावर पांढरा कागद डकवला, त्यावर ठळक अक्षरांत 'कापडाचे औषध' असे लिहिले आणि मगच बाटली खोलीत नेली.

द्रव लावून, मुरवून, टिपून झाल्यावर ह्यांच्या मदतीने पलंग अंगणात काढला. पाऊस संपून आश्विनातले कडक ऊन पडले होते. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलेच, "आज पलंग बाहेर गं?"

"दिवाळीची साफसफाई! सगळ्यांच्याच गाद्या काढायच्यात," मी मोठ्याने म्हटले आणि खरोखरच घरातल्या सगळ्या गाद्या बाहेर आणल्या. संध्याकाळी प्रत्येक गादीवर, आमच्याही, चादरीखाली पाणी न झिरपणारे एकेक अस्तर घातले. एकट्या मामंजींच्या गादीवर घातले असते तर ते औषध झाले असते. सगळ्यांच्या गाद्यांवर घातल्याने ती घराची रीत झाली.

मामंजी ओसरीवरून सारे पाहत होते. ते लहानपणी शिकले ते औंध संस्थानच्या शाळेत. १९४८ साली संस्थान विलीन होण्याआधीची ती गोष्ट. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेल्या राजाच्या त्या राज्यात शाळेतल्या मुलांनाही नमस्कार घालावे लागत. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "सूनबाई, जन्मभर नमस्कार घातले आम्ही, आणि सूर्यनारायण प्रसन्न झाला तो पलंगाला!"

आठवडाभरात ते पहिल्यांदाच हसले होते. त्या रात्री सतरंजी आपण होऊन गुंडाळली गेली.

कडेच्या कापडावर एक फिकट वर्तुळ मात्र राहिले आहे. ते जाण्यासाठी मी आणखी दोनदा खटपट केली; त्यापुढे कापडाचाच रंग उतरू लागला, म्हणून थांबले. चिरंजीव फोनवर म्हणाले, "आई, कारागीर बोलावून कापड बदलून घेऊ." मी म्हटले, घाई नाही. वर्तुळ चादरीच्या झालरीखाली झाकते, आणि मामंजींना त्या पलंगावर पहाटेपर्यंत शांत झोप लागते.