स्वस्तातलं अंतराळ

‘रेड ड्वॉर्फ’ पाहायला लागलो तेव्हा माझं मत लगेच बनलं: संवाद फक्कड, यान दरिद्री. राखाडी भिंती, राखाडी खाटा, कपडेही बरेचसे त्याच रंगाचे. 1988 साली बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर ही विनोदी मालिका सुरू झाली तेव्हा निर्मात्यांकडे पैसा बेताचाच होता. जरा हात सैल सोडला असता तर काय मजा आली असती, असं मी बरीच वर्षं म्हणत होतो.

पुढे तसंच झालं. 1998 मध्ये पहिल्या तीन पर्वांतली यानाची छोटी प्रतिकृती काढून तिथे संगणकावर घडवलेलं लांबलचक यान बसवलं. विनोद तेच, माणसं तीच. ते पाहिलं आणि माझा हट्ट गळून पडला. नवं यान गुळगुळीत होतं, पण त्याला वजनच नव्हतं. जुन्या प्रतिकृतीवर निदान खऱ्या दिव्याचा उजेड तरी पडायचा. चाहत्यांनीही नाकं मुरडली आणि 2002 पासून या पर्वांच्या डीव्हीडी निघाल्या त्या मूळ रूपातच.

आता वाटतं, रॉब ग्रँट आणि डग नेलर या लेखकद्वयाची गोष्टच मुळी कमी खर्चात शोभणारी आहे. तीस लाख वर्षांनी जागा झालेला लिस्टर हा शेवटचा माणूस. सोबतीला त्याचा मेलेला खोलीसोबती रिमर, कपाळावर ‘एच’ मिरवणारा होलोग्राम. जिवंतपणी ज्याच्याशी क्षणभर पटलं नाही, त्याच्याशीच आता अनंतकाळ संसार! परग्रहवासी या गोष्टीत नाहीतच. भांडायला दोघे हवेत आणि निघून जायला जागा नको, एवढंच तिचं भांडवल.

1989 चा ‘मरून्ड’ हा भाग घ्या. बर्फाळ ग्रहावर छोट्या यानात दोघे अडकतात. लिस्टर कुत्र्याचं अन्न खातो. शेकोटीला लाकूड हवं असतं, तेव्हा रिमरला वाटतं की लिस्टरनं स्वतःची लाडकी गिटार जाळली. तो हेलावून आपले नेपोलियनकालीन खेळण्यातले सैनिक आगीत टाकायला सांगतो. प्रत्यक्षात लिस्टरनं रिमरच्याच पेटीतून गिटारच्या आकाराची फळी कापलेली असते. अख्खा भाग जवळजवळ एका खोलीत घडतो, आणि माझ्या मते मालिकेतला तो सर्वोत्तम आहे.

याउलट 1997 मध्ये आलेलं सातवं पर्व प्रेक्षकांविना, सिनेमासारखं चित्रित झालं होतं. दिसतं देखणं, हसू मात्र कमी येतं. म्हणून नव्यानं पाहणाऱ्यांनी ‘मरून्ड’ ज्यात आहे त्या तिसऱ्या पर्वापासून सुरुवात करावी, आणि संगणकानं सजवलेली आवृत्ती टाळावी.