कोयत्याला दिलेले पाणी

तुमच्या घरात एखादी विळी, सुरी किंवा कोयता असेलच. उर्दूतली छुरी मराठीत सुरी होते. उर्दूतले फौलाद मराठीत पोलाद होते. लोहार, धार, चाकू हे शब्द तर दोन्ही भाषांत सारखेच आहेत. शब्द ओळखीचे आहेत; पण ही वस्तू घडते कशी, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?

मी ते खांदेश्वरला पाहिले. हार्बर मार्गावर पनवेलच्या आधीचे हे स्थानक. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे या परिसरातल्या भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. एका मे महिन्यात तिथे रस्त्याच्या कडेला एका घिसाडी कुटुंबाने पाल ठोकले होते. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार. महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. आपसांत ते गुजरातीशी नाते असलेली आपली बोली बोलतात, गिऱ्हाइकाशी मात्र मराठी.

मी एक कोयता सांगितला. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा त्यांनी भट्टीत घातला. हे पोलाद लवचीक आणि चिवट असते, म्हणून लोहार ते मुद्दाम शोधून आणतात. पाटा लालभडक झाल्यावर पुरुषाने तो सांडशीने ऐरणीवर धरला. घण कोणी उचलला असेल? त्याच्या बायकोने! ती उभी राहून घाव घालत होती आणि तो प्रत्येक घावागणिक लोखंड फिरवत होता. दोघांपैकी कोणी चुकले असते तर हातच गेला असता.

दहा-अकरा वर्षांची त्यांची मुलगी भात्याचे चाक फिरवत होती.

"शाळेत जाते का?" मी विचारले.

"गावी असलो की जाते, दादा. इकडं आलो की बुडते," आई म्हणाली आणि तिने पुन्हा घण उचलला.

खरी परीक्षा शेवटी असते. तापलेले पाते पाण्यात बुडवतात, त्याला 'पाणी देणे' म्हणतात. पाते एकदम थंड झाले की कठीण होते. पण फार कठीण झाले तर काचेसारखे तडकते. म्हणून ते पुन्हा थोडे तापवतात. तेव्हा घासलेल्या पोलादावर आधी पिवळसर, मग तांबूस, मग निळा रंग चढतो. कोणत्या रंगावर थांबायचे, हे कारागिराची नजर ठरवते. तिथे घड्याळ नव्हते, तापमापकही नव्हता.

शेजारी एक गृहस्थ वीस रुपयांसाठी हुज्जत घालत होते. मला ते आवडले नाही. तासाभराची ती मेहनत त्यांच्या डोळ्यांदेखतच झाली होती.

तो कोयता आजही आमच्याकडे आहे. नारळ सोलायला त्याच्यासारखे दुसरे हत्यार नाही. मात्र तो ओला ठेवला तर रात्रीत गंजतो, म्हणून पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागतो. पात्यावर घणाचे वळ अजून दिसतात.

यंदा त्याची मूठ सैल झाली आहे. पावसाआधी ते कुटुंब आले, तर बसवून घ्यायची आहे. या गोष्टीला तीन वर्षे झाली. ती मुलगी आता तुमच्याच इयत्तेत असायला हवी.