नव्या घरातले पहिले दिवस

मैत्रिणींनो, सासरचे पहिले दिवस आठवून पाहा. जो तो ‘अगं, लाजू नकोस, घे की’ म्हणत असतो आणि आपल्याला वाटतं, घटकाभर एकटं बसू द्यावं कुणी! प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेल्या कुत्र्याचंही अगदी तसंच असतं.

आमची सखू दीडेक वर्षाची, गावठी. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच. एका घरानं आठवड्यातच परत केलेली. मे महिन्याच्या सुटीत, मी दिवसभर घरी असेन तेव्हाच तिला आणलं. सासूबाईंनी बजावलं, “महिनाभर बघेन. नाही जमलं तर परत.” पुन्हा परत गेली असती तर तिला कोण नेणार होतं?

पहिल्याच दिवशी जिन्याखालचा कोपरा तिला दिला. गोणपाट, त्यावर जुनी सुती साडी, शेजारी पाणी. मुलांना सांगितलं, ती तिथे असताना हात लावायचा नाही, रोखून बघायचं नाही. पाहुण्यांनाही आठवडाभर नको म्हटलं. आंघोळसुद्धा लांबवली.

दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. मी तिच्याकडे पाठ करून वह्या तपासत बसायची. तिसऱ्या रात्री वाटी रिकामी दिसली. जाणकार सांगतात, बुजरेपणा जायला तीन दिवस, घरची रीत कळायला तीन आठवडे, आपलेपणा यायला तीन महिने. हिशेब ढोबळच आहे. प्रत्येकीची चाल वेगळी.

जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा. झोपून उठली, जेवली, की लगेच बाहेर न्या आणि बाहेर ‘काम’ झालं की शाबासकी द्या. घरात झालं तर मुकाट्यानं पुसून घ्या. ओरडलं की ती लपून करायला शिकते. शेपूट पोटाशी, सारखं ओठ चाटणं ही भीतीची लक्षणं. गुरगुरली तर रागावू नका, मागे सरा. ‘दूर राहा’ एवढंच ती सांगत असते. उरलेली आमटी-भाजी घालू नका. कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट कुत्र्याला बाधतं. पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यांकडे नेऊन रेबीजची लस, जंताचं औषध यांची नोंद करून घ्या.

महिना भरला त्या दिवशी मी विषय काढला नाही. दुपारी सासूबाई पोथी वाचत होत्या आणि सखू त्यांच्यापासून हातभर अंतरावर झोपली होती. “आता कुठे पाठवतेस तिला,” एवढंच म्हणाल्या.

केरसुणीची भीती जायला मात्र चार महिने लागले. पूर्वी कुणी मारलं असेल, देव जाणे. केरसुणी जमिनीवर आडवी ठेवायची, लांबवर भाकरीचा तुकडा टाकायचा, रोज वीतभर जवळ. आता मी केर काढते आणि ती वाटेतच आडवी पडलेली असते. उठ म्हटलं तर उठत नाही!