दोन कस्तुर, एक डोंगर

जूनच्या वीकएण्डला बोस्टनची मंडळी बीचवर लोळायला जातात. मी मात्र रात्री दोन वाजता व्हरमॉन्टमधल्या माउंट मॅन्सफिल्डचा टोल रोड पायी चढत होतो. कारण? माझी मामेबहीण. ‘चल रे, झोपायला ऑफिस आहे की!’ हा ताईचा ठरलेला डायलॉग.

डोंगर १३३९ मीटरचा, म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वरएवढा. पण वर थंडी कडाक्याची. माथ्याजवळ बुटक्या बाल्सम फरची दाट जाळी लागते. आपला हीरो तिथेच राहतो, बिकनेल्स थ्रश. कस्तुराच्या कुळातला, तपकिरी आणि भलताच लाजाळू.

याचा जवळचा भाऊबंद ग्रे-चीक्ड थ्रश. फोटो शेजारी ठेवा, आपण तर फसणारच! बिकनेल जरा लहान, शेपटी जरा तांबूस, बस्स. १९९५ पर्यंत अमेरिकी पक्षीतज्ज्ञ दोघांना एकच जात मानत होते. खरा फरक कानाला कळतो. ग्रे-चीक्डच्या गाण्याचा शेवट खाली उतरतो, बिकनेलचा वर चढतो.

उजाडायच्या आत जाळीतून ती चढती लकेर आली आणि पाय दुखायचे थांबले.

नशीब मात्र दोघांचं वेगळं. ग्रे-चीक्डचं घर न्यूफाउंडलंडपासून अलास्का ओलांडून थेट सायबेरियापर्यंत. म्हणून जागतिक यादीत तो ‘लीस्ट कन्सर्न’. बिकनेल ‘व्हल्नरेबल’. त्याच्याकडे ईशान्य अमेरिका आणि पूर्व कॅनडातले थोडे थंड डोंगर. हिवाळ्यात बहुतेक सगळे हिस्पॅनिओला बेटावर जातात, तिथलं जंगल शेती आणि कोळशासाठी तुटतंय. इकडे हवा तापली, की फरचा पट्टा वर सरकणार. आणि माथ्याच्या वर सरकायला जागाच नाही!

दोघांना एकाच नावाखाली मोजत राहिलो असतो, तर भावाच्या गर्दीत हा कमी झालेला कळलाही नसता.

उतरताना ताईने डायरीत लिहिलं, ‘ऐकले : चार.’ मागच्या पानावर, गेल्या वर्षी, सात.

‘एका सकाळीवरून काही ठरत नाही रे,’ ती म्हणाली. पण मागचं पान तिने पुन्हा उघडून पाहिलं.

जाणार असाल तर जूनमध्ये जा, स्वेटर न्या, पायवाट सोडू नका. आणि प्लीज, मोबाइलवर त्याचंच गाणं लावून त्याला फसवू नका. थांबा. तो गातो.