वयाची वेस

‘ॲक्टिव्ह ॲडल्ट’ या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधण्याचा उद्योग आम्ही दोघांनी मध्यंतरी बरेच दिवस केला. ‘सक्रिय प्रौढ’ म्हणावे तर रात्रीचे साक्षरता वर्ग डोळ्यांपुढे येतात. ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणावे तर एस.टी.ची सवलत आठवते. ‘वानप्रस्थ’ हा शब्द जवळचा वाटला खरा. पण वानप्रस्थात मनुष्य गाव सोडून वनाकडे जातो, आणि येथे वनाच्या जागी गोल्फचे मैदान, पोहण्याचा तलाव व पिकलबॉलचे कोर्ट असते. हा शोध निव्वळ हौसेचा नव्हता. न्यू जर्सीतील आमचे दुमजली घर आता आम्हांस जड होऊ लागले आहे. आमच्यापैकी एकाचे गुडघे जिना नाकारतात, दुसऱ्याला बर्फ उपसण्यास डॉक्टरांनी मनाई केली आहे. मनरो टाउनशिपमध्ये पंचावन्न वर्षांपुढील लोकांसाठी बांधलेल्या, फाटकाआडच्या वसाहती पुष्कळ आहेत आणि आमचे काही मराठी स्नेही तेथे सुखाने नांदत आहेत. तेव्हा आम्हीही पाहावयास निघालो.

या कल्पनेचा इतिहास फार जुना नाही. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘सन सिटी’ उघडली ती 1 जानेवारी 1960 रोजी. म्हातारपण म्हणजे मुलाच्या घरातील मागची खोली, या समजुतीला त्याने छेद दिला. निवृत्ती ही आयुष्याची शेपटी नसून सुटी आहे, असे त्याने विकावयास काढले. या विचारात काही सत्य होते, म्हणूनच तो खपला. परंतु त्याची दुसरी बाजूही लवकरच दिसली. सन सिटीच्या रहिवाशांनी परिसरातील शाळांसाठीच्या कर्जरोख्यांविरुद्ध वारंवार मते दिली, आणि 1970 च्या दशकात ती वसाहत त्या शाळा-जिल्ह्यातून वेगळी झाली. ज्यांच्या घरी मुले नाहीत त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी पैसे का मोजावेत, हा प्रश्न तर्काला धरून आहे. पण तर्काला धरून असलेला प्रत्येक प्रश्न माणुसकीला धरून असतोच असे नाही.

वयाची अट कायद्यात बसते कशी, हेही आम्ही समजून घेतले. घरे विकताना वा भाड्याने देताना भेदभाव करू नये, असा कायदा अमेरिकेत 1968 साली झाला. 1988 च्या दुरुस्तीने लहान मुले असलेल्या कुटुंबांनाही हे संरक्षण मिळाले. मात्र ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट राहिली. ही सूट 1995 मध्ये अधिक सुटसुटीत झाली. पंचावन्नच्या वसाहतीत वस्ती असलेल्या घरांपैकी किमान 80 टक्के घरांत निदान एक तरी व्यक्ती 55 वर्षांची वा अधिक वयाची हवी. उरलेल्या 20 टक्क्यांचे काय करावयाचे हे कायदा वसाहतीवर सोडतो. कोणी ती जागा तरुण जोडीदारासाठी वा वारसासाठी राखून ठेवते, तर कोणी दारे आणखी घट्ट लावते. म्हणून, वाचकहो, क्लबहाऊसमधील झुंबरे पाहण्याआधी नियमांचे पुस्तक मागून घ्यावे, असे आम्ही अनुभवाने सांगतो. त्याच बैठकीत राखीव निधीचा अहवालही मागावा. 2021 साली फ्लोरिडातील सर्फसाइड येथे बारा मजली इमारत कोसळून 98 माणसे मृत्यू पावली. त्यानंतर न्यू जर्सीने 2024 मध्ये कायदा करून गृहसंघांच्या राखीव निधीच्या अभ्यासाला शिस्त लावली. आजचे मासिक शुल्क कमी आहे याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की उद्याच्या छपराचे पैसे कोणी बाजूला ठेवलेले नाहीत.

आमचे घोडे मात्र पैशापाशी अडले नाही. आम्हांस सर्वांत आवडलेल्या वसाहतीच्या नियमात असे होते, की एकोणीस वर्षांखालील पाहुण्याने वर्षाकाठी तीस दिवसांहून अधिक मुक्काम करू नये. गेल्या वर्षी आमच्या मुलीचा संसार मोडला. अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन ती दूरच्या राज्यात एकटी राहते. ‘मी ठीक आहे, आई’ असे ती दर रविवारी सांगते. ती येईलच असे नाही. पण यावेसे वाटले तर तिला दिवस मोजावे लागू नयेत.

सन सिटीच्या शेजारी, तिच्याही आधी 1954 साली, ‘यंगटाउन’ नावाचे निवृत्तांचे गाव वसले होते. 1990 च्या दशकात तेथील एका आजी-आजोबांनी संकटात सापडलेल्या किशोरवयीन नातवाला आसरा दिला, तेव्हा गावाने त्यांच्यावर दंड आकारण्यास आरंभ केला. प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेले आणि 1998 मध्ये यंगटाउनची वयाची अट संपुष्टात आली. त्या नियमामागे दुष्टपणा नव्हता. तो निवांतपणासाठीच केलेला होता. केवळ नातू कधी संकटात सापडेल हे त्यात धरलेले नव्हते.

आपल्याकडे म्हातारपणाच्या घराचा प्रश्न आला की 1970 साली रंगभूमीवर आलेले ‘नटसम्राट’ आठवते. सारे काही मुलांच्या स्वाधीन करून बेघर झालेल्या बापाची ती कथा आमच्या पिढीच्या अंगात इतकी भिनली आहे, की घर स्वतःच्या नावावर ठेवणे हा आम्हांस धर्मच वाटतो. पण घराबाहेर काढले जाण्याच्या या भयात आम्ही दुसरी शक्यता कधी ध्यानातच घेतली नव्हती: घर आमच्या नावावर असेल आणि दारातून आत येण्याची मुभा मुलांना नसेल. पूर्वी गावाला वेस असे ती चोरदरोडेखोरांसाठी. माहेरवाशिणीला तिने कधी किती दिवस राहणार हे विचारले नाही.

आमच्या एका स्नेह्यांना हे पटत नाही. त्यांची मुले सिंगापूर आणि सिॲटलला. बायपासनंतर दीड महिना शेजाऱ्यांनी आळीपाळीने त्यांना जेवण पोहोचवले. ते म्हणतात, ‘नातवंडांनी हे केले असते काय?’ यावर आमच्यापाशी उत्तर नाही. समवयस्कांची सोबत ही खरी संपत्ती आहे, आणि आम्ही ती काही अंशी गमावणार आहोत.

अखेर आम्ही त्याच टाउनशिपमध्ये, त्यांच्यापासून दहा मिनिटांवर, वयाची अट नसलेल्या वसाहतीतील एकमजली घर पसंत केले. फाटक येथेही आहे, बर्फ संघच उचलतो; क्लबहाऊस लहान आणि किंमत थोडी चढी. पहारेकऱ्याकडील कागदावर कायमच्या पाहुण्यांची नावे लिहावयाची होती. आम्ही दोन लिहिली. मुदतीचा रकाना त्या कागदावर नव्हता.