हंगामातली पानं

24 ऑक्टोबर

भाऊबीज उरकली आणि वस्तीवर ट्रक लागायला लागले. भांडीकुंडी, अंथरूण, सरपण, शेळी, सगळं चढतंय. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन उभ्या रानात कुजलं, त्यामुळे ज्यांच्या घरातून कुणी कधी ऊसतोडीला गेलं नव्हतं त्यांनीही यंदा उचल घेतलीय. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा निघाला तर अर्धा कोयता आणि उचलही अर्धी. म्हणून दिवाळीनंतरच्या या दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यात लग्नांची घाई उडते, आणि नवरी किती वर्षांची हे कुणी विचारत नाही.

बालविवाह आणि बायकांवरची हिंसा थांबवायला झटणारा आमचा गावातल्या पोरापोरींचा गट आहे. त्यातली एक जण शिवणकाम करते. संध्याकाळी ती मशीन तशीच ठेवून समाजमंदिरात आली. एका काकूंनी ब्लाऊज शिवायला टाकलाय, छाती 28. वर बजावून गेल्या, "आत माया जास्त सोड गं, दोन-तीन वर्षं पुरला पायजे." माप पाहूनच तिला कळलं की ब्लाऊज नववीतल्या पोरीचा आहे. डीजेवाल्याकडे कामाला असलेल्या आमच्या पोरानं बुकिंग आठवून सांगितलं: 27 तारीख, शेतातला आखाडा, घरगुती कार्यक्रम, आवाज बारीक ठेवायचा.

सरकारी माणसांना जे मांडव पडल्यावर कळतं ते आम्हाला माप घेतानाच कळतं. गावात ब्लाऊज शिवणारे, मेंदी काढणारे, डीजे लावणारे, पत्रिकेचा मजकूर टाईप करून देणारे सगळे आमच्याच वयाचे आहेत. या कामात तरुण पोरापोरींनी असायलाच हवं असं मी म्हणते, ते त्यामुळे.

25 ऑक्टोबर

आधी पोरीला भेटायचं, मग कुणालाही फोन करायचा, हा आमचा नियम. हापशावर गाठली. हातात कळशी होती, ती खाली ठेवेना.

"लग्न झालं तर झालं ताई. पण मला फडावर न्हाई जायचं. तिथं अंघोळीला आडोसा नसतो."

"अन् शाळा?"

"शाळा हाय की. घरी कोण हाय?"

दुपारी तिच्या वडिलांना भेटलो. रागावतील असं वाटलं होतं, पण ते ओसरीवर बसवून शांतपणे बोलले. "पाच-सहा महिने आम्ही दोघं तिकडं. हिला म्हातारीच्या भरवशावर ठिवली अन् रातच्याला कुणी कडी वाजवली, तर तुमचा गट येणार हाय का राखणीला?"

एका अत्याचाराच्या धास्तीनं बाप लेकीला दुसऱ्या अत्याचारात लोटतो. त्याला नुसता कायदा ऐकवून भागत नाही. आजवर आम्ही पथनाट्यं केली, भिंती रंगवल्या, पण त्यातल्या कशानंही या माणसाच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

मुख्याध्यापक सरांनी सुट्टीत शाळा उघडून रजिस्टर काढलं. पोरीला चौदा पूर्ण आहेत.

27 ऑक्टोबर

थांबलं.

सकाळीच 1098 वर कळवलं. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. ते आणि अंगणवाडीताई पोलिसांना घेऊन पोचले तेव्हा हळद लागलेली होती. 2006 च्या कायद्यात लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, हे ऐकल्यावर भटजी आणि आचारी दोघेही आपापल्या गाडीकडे गेले. आई-वडिलांनी हमीपत्र लिहून दिलं. आता पोरीला बालकल्याण समितीपुढे न्यायचं आहे.

आमच्यातलं कुणी आखाड्यावर गेलं नाही. कुणी फोटो काढला नाही, स्टेटस ठेवलं नाही. तिचा चेहरा गावभर फिरला तर ती पुन्हा वर्गात बसू शकणार नाही. या रोजनिशीतही मी कुणाचं नाव घालत नाही.

28 ऑक्टोबर

राखणीच्या प्रश्नावर रात्री उशिरापर्यंत बसलो. संत भगवानबाबा योजनेतून ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं निघाली आहेत, तिथं तिची सोय लागू शकते. पण कामगाराचं ओळखपत्र, दाखले, अर्ज, जागा शिल्लक आहे का, यात दिवस जाणार. तोवर? शिवणकाम करणारीनंच तोडगा काढला: गटातल्या मुलींपैकी दोघी-दोघी रोज आजीकडे निजायला जातील. पोरं शेजारच्या गल्लीत आहेत, हाक मारली की येतील. आमच्या घरांतून परवानगी काढणं सोपं नव्हतं. माझी आई म्हणाली, "लोकाच्या पोरी राखायला चाललीस, अन् तुला कोण राखायचं?" मग तीच पहिल्या रात्री आमच्याबरोबर आली.

वडिलांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सकाळी कोयता निघाला तेव्हा पोरगी मागे राहिली होती.

9 नोव्हेंबर

वस्तीवर म्हातारी माणसं, बारकी लेकरं आणि कुलपं. शाळेत नववीच्या हजेरीपटावर आता निम्म्याहून कमी.

16 नोव्हेंबर

पोरांची बैठक. मी मुद्दाम गेले नाही. मुलगी समोर असली की ते एक तर शहाण्यासारखं बोलतात किंवा गप्प बसतात. बैठक घेणाऱ्या दादानं नंतर सगळं सांगितलं.

तो मुंबईच्या 'मावा' संस्थेच्या शिबिरात तयार झालेला. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध पुरुषांनी उभं राहावं म्हणून 1993 साली सुरू झालेली ही संघटना. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी इतकी वर्षं कॉलेजातल्या मुलांशी बोलत आले आहेत. 'पुरुष स्पंदनं' हा त्यांचा दिवाळी अंक दादाच्या पिशवीत कायम असतो. त्याची पद्धत साधी: उपदेश करायचा नाही, प्रश्न टाकायचा आणि थांबायचं. आजचा प्रश्न होता, "तुझ्या घरात कुणी कुणाला मारलेलं तू पहिल्यांदा कधी पाहिलंस?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, पहिलीत असताना. वडिलांनी आईला बैलाच्या कासऱ्यानं मारलं, आणि आईनं नंतर त्याच कासऱ्यानं बैल बांधून पाणी पाजलं. हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याच्यापाठोपाठ एकेक जण बोलत गेला. उठता उठता त्यांनी आपणहून ठरवलं की एसटी स्टँडवर मुलींवर शेरे मारणाऱ्या मित्रांना ते स्वतः अडवतील. शेरे मारणाऱ्यांत यांच्यातलेच काही आहेत, हेही त्यांनी कबूल केलं. मला हे एखाद्या मोर्च्याहून मोठं वाटतं.

29 नोव्हेंबर

पहाटेच्या गाडीनं पश्चिमेकडच्या एका जिल्ह्यातून एक ताई आली. फडावरून निघाली ती अंगावरच्या लुगड्यानिशी. ओठ फाटलेला, डावा हात उचलता येत नव्हता. तिची धाकटी नणंद आमच्या गटात आहे, म्हणून ती माहेरी न जाता आमच्याकडे आली. चहा दिला, तो तिनं दोन्ही हातांनी धरायचा प्रयत्न केला आणि कपबशी सांडली.

मुकादमानं खोपीत शिरून हात धरला. तिनं नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं तिलाच मारलं, कारण उचल फिटायची आहे आणि मुकादमाशी वैर परवडत नाही.

आधी दवाखाना. घरच्या हिंसेत मार लागलेल्या बाईनं मागितले तर दवाखान्यानं उपचार दिलेच पाहिजेत असं कायदा सांगतो. पण केसपेपरवर मार कसा लागला हे तिच्या शब्दांत यावं म्हणून आमच्यातली नर्सिंगची मुलगी टेबलाशी उभी राहिली. 'पडल्याने इजा' असं लिहून मोकळं होणं डॉक्टरला सोपं असतं, आणि पुढे तोच कागद कोर्टात आडवा येतो.

मग पोलीस ठाणं. "घटना तिकडची, तक्रार तिकडं." ताई लगेच उठली, तिला वाटलं, संपलं. आमच्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेला पोरगा शांतपणे म्हणाला, "साहेब, झिरो एफआयआर घ्या. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. हद्द कुठलीही असो, नोंद इथं होते, पुढं पाठवायचं काम तुमचं." साहेबांनी बसायला सांगितलं. आम्ही बसलो. दुपार गेली, दिवे लागले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी उठलंही नाही. शेवटी महिला पोलीस आल्या आणि त्यांनी सगळं नीट ऐकून लिहून घेतलं. तक्रारीची प्रत ताईनं घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली.

तक्रार मुकादमाविरुद्ध आहे. नवऱ्याचं नाव तिनं घालू दिलं नाही. नणंदेला ते पटलं नाही, मलाही आतून पटलं नाही. पण तिची दोन लेकरं अजून फडावर आहेत, त्याच नवऱ्याजवळ. कुठलं पाऊल कधी टाकायचं हे तिच्याइतकं नेमकं आम्हाला कळणार नाही. आम्ही तिला सगळे रस्ते सांगायचे, आणि ती निवडेल त्यावर सोबत चालायचं.

4 डिसेंबर

लेकरं आली. तिचा भाऊ आणि आमच्यातले दोघं जाऊन घेऊन आले. मुकादमाच्या माणसानं "उचलीचं काय?" म्हणून वाट अडवली होती. कर्जापोटी माणसाला कामावर अडकवून ठेवणं 1976 च्या कायद्यानं गुन्हा आहे, एवढं पोरांनी सांगितलं आणि चालू लागले.

संध्याकाळी ताई स्वतःच म्हणाली, "आता नवऱ्याचं लिव्हा." 

संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं बाई सध्या जिथं तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही जाता येतं. त्यासाठी तिला परत तिकडं जावं लागत नाही. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी असं कायद्यात आहे. आम्हाला तारीख मिळाली 19 जानेवारीची.

14 डिसेंबर

तालुक्याच्या कॉलेजात बोलायला बोलावलं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी फळ्यावर मांडली. महाराष्ट्रात लग्न झालेल्या बायकांपैकी 25.2 टक्के बायकांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलंय. वीस ते चोवीस वयाच्या मुलींपैकी 21.9 टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालं. आमच्या बीडमध्ये हाच आकडा 43.7. आणि मला झोप येऊ देत नाही तो देशाचा आकडा: हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के.

एका मुलीनं विचारलं, "बाकीच्या कुणालाच सांगत नाहीत?" बहुतेक जणी कुणालाच नाही. म्हणून आम्ही ठाण्याचे नंबर वाटण्याबरोबरच आता प्रत्येक गल्लीत एक विश्वासाची मुलगी नेमतोय, जिच्या दारात जायला निमित्त लागत नाही: पिठाची गिरणी चालवणारी, मेंदी काढणारी, शिकवणी घेणारी. तिनं फक्त ऐकायचं, तोंडातून बाहेर काढायचं नाही, आणि बाईनं हो म्हटलं तरच आमच्यापर्यंत आणायचं.

3 जानेवारी

सावित्रीबाईंची जयंती. वसतिगृहातून रजा काढून नववीतली ती आली होती, शाळेत भाषण केलं. पहिल्या शाळेची गोष्ट सगळेच सांगतात. हिनं 1868 चं पत्र निवडलं होतं. नायगावातून सावित्रीबाईंनी ते जोतीरावांना लिहिलं. एक ब्राह्मण तरुण आणि महार समाजातली गरोदर मुलगी, दोघांना जमाव मारायला घेऊन निघाला होता. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्यानं खुनाची काय शिक्षा होते ते जमावाला सांगितलं, आणि दोघांचे जीव वाचवले. नंतर त्यांना गाव सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी जोतीरावांकडे पाठवून दिलं.

भाषण पाठ केलेलं नव्हतं. मध्येच थांबून ती म्हणाली, "म्हणजे वाचवल्यावर राहायची सोयबी त्यांनीच केली." मग पुढं बोलत राहिली.

19 जानेवारी

तारीख पडली. पुढची 9 फेब्रुवारी. ताईनं तालुक्यात एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम धरलंय, लेकरं इथल्या शाळेत बसतात. नवऱ्याचा फोन येतो. ती कधी उचलते, कधी नाही.

26 जानेवारी

ग्रामसभा. आम्ही तीन ठराव दिले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींची यादी ऑगस्टमध्येच करून वसतिगृहाचे अर्ज भरायचे, हा एकमतानं झाला. ग्राम बाल संरक्षण समितीची दर महिन्याला खरोखरीची बैठक घ्यायची आणि गटातली एक मुलगी, एक मुलगा त्यात घ्यायचा, हाही झाला, पण एका आबांनी विचारलं, "पोरींनी समितीत बसून आमच्या घरातली भांडणं मोजायची का?" त्यांना उत्तर आमच्यातल्या कुणी दिलं नाही. मागच्या ओळीतून मेसमधली ताई उभी राहिली. तिनं पदर खोचला आणि सांगितलं की नोव्हेंबरात तिला या पोरांनी नेलं नसतं तर तिची लेकरं आज फडावर असती. आबा खाली बसले.

तिसरा ठराव, लग्नपत्रिकेवर वधूवरांची जन्मतारीख छापायची, तो अडला. खानदानाच्या इज्जतीचा विषय निघाला, दोन बाजू पडल्या, आणि सरपंचांनी तो 1 मेच्या सभेवर ढकलला. लग्नसराई त्याआधीच सुरू होईल, म्हणून आम्ही तालुक्यातल्या छापखान्यांना आपण होऊन भेटतोय. दोघांनी वयाचा दाखला पाहिल्याशिवाय पत्रिका छापणार नाही असं कबूल केलंय. तिसरा म्हणतो, भावाला विचारून गुरुवारी सांगतो.